दयेचे माप

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर अखंड हरिनाम सप्ताहाची जी परंपरा आजही टिकून आहे, तिच्यात शेवटल्या दिवशी काल्याचे कीर्तन आटोपून महाप्रसादाच्या पंगती बसल्या म्हणजे वाढप्याने मोजून वाढू नये, पानावरच्या माणसाने पुरे म्हणेपर्यंत हात आखडता घेऊ नये, असा एक अलिखित दंडक असतो. आणि हा दंडक निव्वळ पाहुणचाराचा नाही, त्याच्या मुळाशी एक धर्मविचार आहे. देणाऱ्याने हिशेब मांडला की दानाचे पुण्य उणावते, आणि मोजून मापून केलेली दया ही दया राहत नाही, ती देवघेव होते, अशी आपल्या मनाची पिढ्यान्पिढ्यांची घडण आहे. अन्नाच्या बाबतीत ती शोभून दिसते. परंतु ज्या वस्तूवाचून माणूस पाच-दहा मिनिटेही तगू शकत नाही, ती वस्तू देण्याची पाळी आली असता हाच न्याय लावता येईल काय? प्राणवायू हा विषय वैद्यकाचा खरा. तथापि तो रुग्णाला किती द्यावा, कोणी द्यावा, कोणत्या खबरदारीने द्यावा आणि कधी थांबवावा, हे प्रश्न जेव्हा रुग्णशय्येपाशी उभे राहतात, तेव्हा त्यांचे उत्तर शोधताना आपण नकळत आपल्या धर्मकल्पनांचाच आधार घेत असतो, आणि म्हणूनच त्या कल्पना एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पोलादपूर तालुक्यातील एका घरात पाहिलेला प्रसंग येथे सांगतो. घरातील म्हातारीने जन्मभर चुलीपुढे बसून ओल्यासुक्या लाकडांचा धूर गिळला होता, आणि त्या धुराने तिच्या फुफ्फुसांची जी नासाडी झाली होती तिच्यावर इलाज उरला नव्हता. रुग्णालयातून घरी पाठवताना डॉक्टरांनी हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे विजेचे यंत्र सोबत दिले आणि चिठ्ठीवर ‘मिनिटाला दोन लिटर’ असे स्पष्ट लिहिले. यंत्राच्या दर्शनी भागावर काचेची एक उभी नळी असते, तिच्यात मण्याएवढी गोळी तरंगते, आणि खालची कळ फिरवली की ती गोळी एकेका रेघेने वर चढते; शेजारच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उठतात, आणि तेथून ओलावा घेऊन निघालेला वायू नळीवाटे नाकाशी पोचतो. एके रात्री म्हातारीला धाप जास्त लागली. “जीव घाबरा होतोय रे, वाढव जरा,” असे ती म्हणाली, आणि मुलाने गोळी दोनावरून पाचावर नेली. अर्ध्या-पाऊण तासात तिची तगमग शमली, ओठांवरची निळसर छटा जाऊन चेहरा लालसर दिसू लागला आणि तिचा डोळा लागला. आईला सुखाची झोप लागली या समाधानात घर निजले. पहाटे हाका मारूनही ती उठेना, तेव्हा तिला गाडीत घालून महाडला आणावे लागले. सुदैवाने ती वाचली.

ती झोप नव्हती, ग्लानी होती. ज्यांची फुफ्फुसे दीर्घकाळ जर्जर झालेली असतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात बाहेर टाकावयाचा कर्बद्विप्राणिद वायू साचून राहतो, आणि त्यांचे शरीर कमी प्राणवायूत चालवून घेण्यास सरावलेले असते. अशा रुग्णाला एकाएकी भरपूर प्राणवायू दिला तर फुफ्फुसातील रक्ताची वाटणी बिघडते, रक्ताची कर्बवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, श्वासाची प्रेरणाही काहीशी मंदावते, आणि साचलेला वायू वाढत जाऊन मेंदूवर झापड आणतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र रुग्ण गुलाबी आणि शांत दिसतो. यास्तव अशा रुग्णांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखावे आणि इतरांचे ९४ ते ९८ टक्क्यांच्या, असा दंडक आता व्यापकपणे मान्य झाला आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर रुग्णवाहिकेतूनच दोन्ही रीती पडताळून पाहिल्या गेल्या, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सढळ हाताने प्राणवायू मिळालेल्यांपैकी ९ टक्के दगावले, तर मोजून मिळालेल्यांपैकी ४ टक्के. म्हातारीच्या मुलाच्या मायेत तिळमात्र खोट नव्हती. त्याने जे केले ते आपल्यापैकी कोणीही केले असते, आणि हीच या मामल्यातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. कारण येथे दुष्टपणा, आळस, हलगर्जी यांतले काहीच नसून निर्मळ वात्सल्यच घातक ठरू पाहत होते.

या वायूचा हा दुहेरी स्वभाव त्याच्या शोधाच्या वेळीच ओळखला गेला होता, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. १७७४ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली या पाद्रीने हा वायू वेगळा काढला, स्वतः हुंगून पाहिला, आणि त्याच्या गुणांचे वर्णन करताना अशीही शंका नोंदवून ठेवली की ज्यात मेणबत्ती झपाट्याने जळून जाते त्या वायूत निरोगी माणसाचे आयुष्यही झपाट्याने सरेल. धर्मोपदेशकाला सुचलेली ही शंका वैद्यकाने मनावर घेतली नाही, आणि त्याची किंमत विसाव्या शतकाच्या मध्यावर अर्भकांनी मोजली. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना काचेच्या पेटीत ठेवून मुक्तहस्ताने प्राणवायू देण्याची चाल १९४० नंतर सधन देशांत पडली, आणि जेथे साधने सर्वांत उत्तम, तेथेच आंधळी झालेली बालके अधिक, असा विलक्षण प्रकार दिसू लागला. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल या डॉक्टरबाईंनी बोट ठेवले ते प्राणवायूवर, आणि पुढे अमेरिकेत झालेल्या विस्तृत चाचणीने ते खरे ठरवले. तोपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बालकांची दृष्टी गेली होती. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला, प्राणवायू कठोरपणे कमी करण्यात आला, आणि डोळे वाचलेली बालके श्वासावाचून मरू लागली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ८५ ते ८९ टक्क्यांवर ठेवलेल्या बालकांत डोळ्यांच्या गंभीर विकाराचे प्रमाण कमी आणि मृत्यूचे जास्त आढळले, तर ९१ ते ९५ टक्क्यांवर ठेवलेल्यांत नेमके याच्या उलट. या दोन आकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ज्याला निर्णय करावयाचा असतो, त्या डॉक्टरची स्थिती कोणत्याही धर्मसंकटात सापडलेल्या माणसाहून वेगळी नाही. येथे निष्पाप असा आकडाच नाही. हाती उरते ते फक्त अखंड अवधान.

आता आपल्या तत्त्वचिंतनाकडे वळू. प्राण या तत्त्वाचा जितका सूक्ष्म विचार उपनिषदांनी केला आहे तितका अन्यत्र क्वचित आढळेल. आणि आधुनिक वैद्यकातला वायू व उपनिषदांतला प्राण या दोन गोष्टी एकच आहेत असे मानण्याची घाई मी करणार नाही, कारण तसे करण्याने दोहोंवरही अन्याय होतो. परंतु त्या चिंतनाची दिशा येथे मार्गदर्शक आहे. प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषी प्राणाचे वर्णन करतात ते साठ्याच्या भाषेत करीत नाहीत, कारभाराच्या भाषेत करतात: सम्राट ज्याप्रमाणे आपल्या अंमलदारांना निरनिराळ्या गावांचा कारभार नेमून देतो, त्याप्रमाणे मुख्य प्राण इतर प्राणांना आपापल्या जागी नेमतो. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या पाचांत कोणी एक बलिष्ठ व्हावा हे आरोग्य नव्हे. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत राहून आपली कामगिरी बजावावी हे आरोग्य. योगशास्त्रातही पूरकाइतकेच महत्त्व रेचकाला आहे, किंबहुना अनेक साधक सांगतात की श्वास सोडणे साधले त्याला घेणे आपोआप साधते. पोलादपूरच्या त्या म्हातारीचे दुखणे हे घेण्याचे कमी आणि सोडण्याचे अधिक होते, आणि घराने तिला दिले ते मात्र आणखी घेण्याचे साधन. महाडच्या वेशीवर गांधारपाले येथे डोंगरात कोरलेली जी बौद्ध लेणी आहेत, त्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेने श्वासाकडे केवळ लक्ष ठेवण्याची साधना सांगितली, श्वास बळेच वाढवण्याची सांगितली नाही. आणि भोग व क्लेश या दोन्ही टोकांना सोडून मधला मार्ग धरावा, ही तथागतांची शिकवण रुग्णालयातील परिचारिकेला आपल्या कामाचे सूत्र म्हणून घेता येईल.

कठोपनिषदाने तर मनुष्य श्वासोच्छ्वासाच्या बळावर जगतो हेच अखेरचे सत्य म्हणून मान्य केलेले नाही. हे दोन्ही ज्याच्या आश्रयाने चालतात त्याकडे ते बोट दाखवते. या विचाराचा अगदी लौकिक पातळीवरचा पडताळा महाड तालुक्यातच, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. डॉ. हिंमतराव बावस्कर तेथे रुजू झाले तेव्हा कोकणातील लाल विंचवाचा दंश म्हणजे अनेकदा मृत्यूचा परवानाच असे. भातकापणीच्या दिवसांत, लाकडे वा पेंढा काढताना दंश झालेली धडधाकट माणसे व मुले काही तासांत धापा टाकू लागत, तोंडातून गुलाबी फेस येई, आणि फुफ्फुसे पाण्याने भरून ती बुडाल्यासारखी मरत. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून जे टिपले ते ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि त्यातून असे उलगडले की विषाने शरीरात उसळलेल्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार येतो, आणि फुफ्फुसातले पाणी हा त्याचा परिणाम असतो. प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध त्यांनी वापरले, आणि जेथे शंभरातले तीस-चाळीस दगावत तेथे ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरले. प्राणवायूची अशा रुग्णांना गरज असतेच. परंतु निव्वळ प्राणवायूने ते वाचले नसते, कारण दुखण्याचे मूळ अन्यत्र होते. प्राणवायू मुदत वाढवून देतो. निकाल मूळ रोगावरच्या उपचाराने लागतो. नाकाला नळी लावली म्हणजे उपचार झाला, अशी जी समजूत नातेवाइकांत आणि क्वचित डॉक्टरांतही दिसते, तिला बिरवाडीने दिलेले हे उत्तर आहे, आणि जगभरच्या विंचूदंशाच्या उपचारात त्याची दखल घेतली गेली आहे.

यानंतर अग्नीचा प्रश्न. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जे जळते त्याला असा जोर देतो की साध्या हवेत धुमसणारी वात त्यात ज्वाला होते. साध्या हवेत तो जेमतेम २१ टक्के असतो. रुग्णाच्या पांघरुणात, उशीत, केसांत, कपड्यांत तो झिरपून साचला म्हणजे तेथे हे प्रमाण वाढते, आणि नळी काढल्यावरही काही वेळ तसेच राहते. सिलिंडरच्या तोंडाला तेलकट हात लागू नयेत, चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडलेले नसावे, झडप झटक्याने न उघडता सावकाश उघडावी, हे नियम याच कारणाने आहेत. १९६७ साली अमेरिकेत अपोलो यानाचे तीन अंतराळवीर जमिनीवरच्या सरावात आग लागून मरण पावले ते शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कोठीत. आपल्या राज्यात ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात दहा अर्भके आगीत गेली, आणि त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागात किमान तेराजण. या आगींची कारणमीमांसा चौकशीच्या दप्तरांत आहे. पण जेथे प्राणवायू वाहतो तेथे लहानशा ठिणगीलाही क्षमा नसते, एवढे समजायला दप्तर उघडण्याची गरज नाही.

घरोघरी हा धोका वेगळ्या रूपाने येतो, आणि तेथे धर्मभावनेशी त्याची गाठ पडते. कोकणातील घरात देवघर बहुधा माजघरात, आणि आजारी माणसाचे अंथरूणही उबेसाठी व सोबतीसाठी माजघरातच. सांजेला निरांजन लागते, उदबत्ती लागते, धूप फिरवला जातो, आणि आजारी माणसाला अंगारा लावायला हातात पेटती वस्तू घेऊनच कोणी जवळ येते. घरातील दिवा बंद ठेवणे अशुभ, त्यातून आजारपणात तर फारच अशुभ, ही भावना मी क्षुल्लक मानत नाही. जन्मभर ज्याने दिवा लावला त्या माणसाला शेवटल्या आजारात देवासमोरचा अंधार सोसवत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून दिवा लावूच नका असे सांगण्यापेक्षा तो दुसऱ्या खोलीत किंवा अंगणातल्या वृंदावनापाशी लावा, रुग्णापासून आणि यंत्रापासून निदान दहा फूट तरी दूर ठेवा, असे सांगावे. देव जागेने बांधलेला नाही, हे आपल्या सर्व संतांनी सांगितले आहे. त्याचप्रमाणे आजाऱ्याला भेटायला आलेल्याने उशाशी बसून विडी शिलगावणे, ही वहिवाट कितीही जुनी असली तरी तिला आता घरातून रजा दिली पाहिजे.

माप चुकल्याचा परिणाम एका रुग्णावरच होतो असे नाही. तो न्यायाचाही प्रश्न होतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडच्या साथीत राज्यात दररोज तयार होणारा सुमारे १२५० टन प्राणवायू अपुरा पडू लागला, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातील कळंबोलीहून १९ एप्रिल रोजी सात रिकामे टँकर घेऊन देशातील पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमकडे रवाना झाली. दोनच दिवसांनी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून प्राणवायू गळून दाब उतरला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्या दिवसांत ज्याची ओळख त्याला सिलिंडर, ज्याचा वशिला त्याला खाट, असा अनुभव अनेकांना आला. आणि दुसरीकडे, गरज नसता मोठ्या धारेने चालू असलेली प्रत्येक नळी ही कोणा अनोळखी माणसाच्या वाट्यातून काढलेली होती. महाडकराला हे सांगावे लागू नये. निसर्गाने सर्वांना दिलेले पाणी जन्माच्या निकषावर कोणाला मिळावे व कोणाला मिळू नये हे ठरवणाऱ्या समाजाला, नगरपालिकेचा १९२४ चा खुलेपणाचा ठराव कागदावर असतानाही, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाब विचारला, तो याच गावात. समान हक्क मान्य केला म्हणजे वाटणीची जबाबदारीही मान्य करावी लागते, आणि वाटणी मापावाचून होत नाही. नंदुरबार जिल्ह्यात त्या काळी प्रत्येक रुग्णाची धार तपासून गरजेपुरती ठेवण्यासाठी खास परिचारिका नेमल्या गेल्या. मला त्या कामात दयेचे फार उंच रूप दिसते. आणखी एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे: बोटाला लावायचे जे छोटे यंत्र रक्तातील प्राणवायू दाखवते, ते काळ्या कातडीच्या माणसांत अनेकदा प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवते, असे २०२० साली अमेरिकेतील अभ्यासात आढळले. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसाचा ‘चौऱ्याण्णव’ ऐकून निश्चिंत होण्यापूर्वी त्याची धाप, त्याचे बोलणे आणि त्याची शुद्धी पाहिली पाहिजे.

२०२१ सालीच २२ जुलैला सावित्री नदीचे पाणी महाडात शिरले, तळिये गावावर डोंगर कोसळला, आणि शेजारच्या चिपळुणात पुराने वीज तुटल्यावर एका कोविड रुग्णालयातील आठ रुग्ण दगावले. ज्याच्या घरी विजेवर चालणारे यंत्र आहे त्याने पावसाळ्याआधी भरलेल्या सिलिंडरची तजवीज करून ठेवलीच पाहिजे. येथेही मापाचा महिमा पाहा: दीड हजार लिटरचा लहान सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास पुरतो, पाच लिटरने अवघे पाच तास. घाटात दरड कोसळून रस्ता बंद झालेल्या रात्री या साडेसात तासांचे मोल किती, ते पोलादपूरच्या माणसाला विचारावे.

शेवटचा प्रश्न मृत्यूचा आहे, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. पूर्वी ऊर्ध्व लागला की तोंडात गंगाजळ व तुळशीपत्र घालीत. आज त्या जागी मास्क आला आहे. मुलगा म्हणतो, निदान ऑक्सिजन तरी लावा, म्हणजे मनाला रुखरुख राहणार नाही. ज्याच्या रक्तात प्राणवायू खरोखर कमी आहे, त्याला तो द्यावाच. पण ज्याच्या रक्तात तो पुरेसा आहे आणि तरीही असाध्य रोगाने धाप लागते आहे, अशा रुग्णांना नळीतून प्राणवायू देणे आणि त्याच नळीतून साधी हवा देणे यांत आराम सारखाच पडतो, असे २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. अशा वेळी चेहऱ्यावर हातपंख्याने घातलेला वारा, उशाला दिलेला उंचावा, डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेली औषधाची बेताची मात्रा, आणि मास्कवाचून मोकळ्या तोंडाने दोन शब्द बोलण्याची मुभा, यांचा उपयोग अधिक. आपल्याच रायगड जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न व औषध दोन्ही नाकारून देह ठेवला. सर्वांनी तसे करावे असे मी म्हणत नाही, कारण तो अधिकार तपाने येतो. परंतु उपचार थांबवणे म्हणजे माया थांबवणे, हे समीकरण आपल्या परंपरेने कधीच बांधलेले नाही. मास्क लावण्याने रुखरुख कोणाची मिटते, रुग्णाची की आपली, एवढे त्या क्षणी स्वतःला विचारण्याचे धैर्य मात्र हवे.

सप्ताहाच्या व्यासपीठावरून हजारो माणसांशी बोलणाऱ्या कीर्तनकार महाराजांना माझी विनंती आहे की श्वासाचे मोल सांगताना त्यांनी या गोष्टीही सांगाव्यात. त्यांचे शब्द जेथे पोचतात तेथे दवाखान्याचे फलक पोचत नाहीत. आणि ज्यांच्या घरी आज ना उद्या हे यंत्र येईल, त्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: धार किती, बोटावरचा आकडा कोठपासून कोठवर असावा, आणि माणूस फार झोपाळू दिसू लागला तर कोणाला कळवावे. ती उत्तरे जाड अक्षरांत कागदावर लिहून यंत्रावर चिकटवावीत, आणि घरातल्या कोणीही, कितीही कळवळा आला तरी, डॉक्टरांना विचारल्यावाचून ती कळ फिरवू नये.